बचावापासून उभा राहिलेला संघ

अमेरिकेतल्या महिलांच्या व्यावसायिक फुटबॉल साखळीत, म्हणजे एनडब्ल्यूएसएलमध्ये, नव्या संघाचं पहिलं वर्ष सहसा मार खाण्यात जातं. २०१४ साली ह्यूस्टन डॅश आला आणि नऊ संघांत नववा राहिला. २०१६ साली ऑरलँडो प्राइड दहांत नववा. २०२१ साली लुईव्हिल आणि कॅन्सस सिटी असे दोन नवे संघ उतरले आणि गुणतक्त्यातल्या तळाच्या दोन जागा त्यांनीच वाटून घेतल्या. यात नवल नाही. जुन्या संघांनी आपल्या चांगल्या खेळाडू राखून ठेवलेल्या असतात, त्यामुळे उरलेल्यांतून आणि कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलींतून संघ जुळवावा लागतो. एकमेकींची नावं पाठ होईपर्यंत निम्मा हंगाम उलटून जातो.

म्हणूनच सॅन डिएगो वेव्हच्या २०२२ च्या हंगामाबद्दल सविस्तर लिहावंसं वाटतं. बारा संघांत हा नवा संघ तिसरा आला. पदार्पणातच बाद फेरी गाठणारा या साखळीतला तो पहिला नवा संघ. हे नशिबाने झालं नाही. कोणत्या क्रमाने काय करायचं, हे त्यांनी नीट ठरवलं होतं, म्हणून झालं.

त्याच वर्षी, मोटारीने दोन-अडीच तासांच्या अंतरावर, लॉस एंजेलिसमध्ये एंजल सिटी हा आणखी एक नवा संघ उतरत होता. त्याच्या संस्थापकांत अभिनेत्री नताली पोर्टमन होती, मालकांच्या यादीत सेरेना विल्यम्स आणि मिया हॅम होत्या. पहिला चेंडू उडण्याआधीच हजारो लोकांनी वर्षभराची तिकिटं काढली होती. २९ एप्रिलच्या सलामीच्या सामन्याला २२ हजारांचं स्टेडियम भरलं आणि हंगामभराची सरासरी १९ हजारांच्या वर गेली. महिलांच्या फुटबॉलला प्रेक्षक नाही म्हणणाऱ्यांची तोंडं बंद करणारे हे आकडे आहेत, त्यांचं मोल मी कमी लेखत नाही. पण मैदानावर तो संघ आठवा आला. एंजल सिटीने आधी प्रेक्षक उभा केला. सॅन डिएगोने आधी बचावफळी उभी केली.

सुरुवात माणसं नेमण्यापासून झाली. क्लबच्या अध्यक्षपदी आल्या जिल एलिस. त्यांच्याच मार्गदर्शनाखाली अमेरिकेने २०१५ आणि २०१९ असे लागोपाठ दोन विश्वचषक जिंकले होते. प्रशिक्षक म्हणून केसी स्टोनी यांना बोलावलं. इंग्लंडकडून १३० सामने खेळलेल्या, देशाचं कर्णधारपद भूषवलेल्या या बचावपटू. त्यांची दुसरी ओळख इथे अधिक कामाची होती. मँचेस्टर युनायटेडने २०१८ साली महिलांचा संघ नव्याने काढला तेव्हा त्याच्या पहिल्या प्रशिक्षक स्टोनी होत्या, आणि त्या संघाने पहिल्याच वर्षी दुसरी श्रेणी जिंकून वरच्या श्रेणीत प्रवेश मिळवला होता. शून्यातून संघ कसा जुळवायचा हे त्यांनी एकदा करून पाहिलेलं होतं. जोडीदार आणि लहान मुलांना इंग्लंडमध्ये मागे ठेवून त्या कॅलिफोर्नियात आल्या, ही गोष्टही लक्षात ठेवायला हवी.

एंजल सिटीने पहिली खेळाडू म्हणून करारबद्ध केली ती क्रिस्टन प्रेस, गोल करणारी. सॅन डिएगोची पहिली खेळाडू होती अ‍ॅबी डाल्केम्पर, मध्यवर्ती बचावपटू. गोलजाळ्यात उभी राहायला आली कॅनडाच्या ऑलिम्पिक सुवर्णविजेत्या संघातली केलेन शेरिडन. अ‍ॅलेक्स मॉर्गनही ऑरलँडोहून आली, आणि पोस्टरवर झळकली ती अर्थातच मॉर्गन. पण संघाची खरी निवड २०२१ च्या डिसेंबरातल्या दोन बैठकांत झाली.

पहिली बैठक नव्या संघांसाठीच्या खेळाडूवाटपाची. प्रत्येक जुना संघ ठरावीक खेळाडूंना राखीव म्हणून जाहीर करतो आणि बाकीच्यांतून नवे संघ आपापल्या खेळाडू उचलतात. खेळाडूला विचारलं जात नाही. संध्याकाळी नाव पुकारलं की सामान बांधायचं आणि दुसऱ्या शहरात जायचं. काही जुन्या संघांनी तर नव्या संघांशी आधीच देवाणघेवाण करून आपल्या खेळाडूंसाठी अभय मिळवलं होतं. ही पद्धत मला कधीच रुचली नाही. माणसाचं घर, शिक्षण, जोडीदाराची नोकरी यांचा त्यात कुठेच हिशोब नसतो. २०२४ मध्ये खेळाडूंच्या संघटनेने नवा करार करताना ही पद्धत मोडीत काढली, आणि सोबत कॉलेजच्या खेळाडूंची वार्षिक निवडही. तसा संघ आता कुणालाच बांधता येणार नाही.

दुसरी बैठक त्या कॉलेजनिवडीचीच. पहिली निवड करण्याचा मान सॅन डिएगोकडे होता आणि त्यांनी नाव घेतलं नाओमी गिर्माचं. पुन्हा बचावपटू. सॅन होजेमध्ये वाढलेली, इथिओपियातून आलेल्या आईवडिलांची मुलगी. तिथल्या इथिओपियन कुटुंबांनी मुलांसाठी हौसेने चालवलेल्या मेळाव्यात ती चेंडू खेळायला शिकली, पुढे स्टॅनफर्डची कर्णधार झाली. मधे गुडघ्याची मोठी दुखापत झाली, त्यातूनही उठली.

गिर्माचा खेळ नीट पाहायचा असेल तर चेंडू तिच्यापासून दूर असताना तिच्याकडे पाहावं. सामन्याच्या धावपळीत ती मान सतत वळवत असते: मागे कोण आहे, डावीकडे जागा किती आहे. प्रतिस्पर्धी आघाडीची खेळाडू वेगाने अंगावर आली तरी ती जमिनीवर घसरून चेंडू काढायला जात नाही. अर्धं पाऊल मागे घेते, शरीर किंचित तिरकं ठेवते, समोरचीला मैदानाच्या कडेकडे ढकलत नेते आणि चेंडू पायापासून हातभर सुटला की तेवढ्यात काढून घेते. पुढे जे करते ते तर फार थोड्यांना जमतं. चेंडू मिळाल्यावर तो कुठेतरी लांब भिरकावून देत नाही. दोन पावलं पुढे येऊन मधल्या फळीतल्या सहकारिणीच्या नेमक्या पायात देते. बचाव संपतो तिथेच हल्ला सुरू होतो. हे सगळं ती व्यावसायिक फुटबॉलच्या पहिल्या वर्षी करत होती.

या हंगामाची आणखी एक बाजू सांगायलाच हवी. २०२१ हे या साखळीचं सर्वांत काळं वर्ष होतं. प्रशिक्षकांनी खेळाडूंचा छळ आणि लैंगिक शोषण केल्याच्या तक्रारी बाहेर आल्या, एकामागून एक प्रशिक्षक गेले, साखळीच्या प्रमुखांनाही जावं लागलं. ऑक्टोबरात खेळाडूंनी सहाव्या मिनिटाला सामने थांबवले आणि दोन्ही संघांच्या मुली मैदानाच्या मध्यवर्तुळात हातात हात घालून उभ्या राहिल्या. त्या लढ्यातून २०२२ च्या जानेवारीअखेर खेळाडूंचा पहिला सामूहिक करार झाला. किमान वार्षिक पगार २२ हजार डॉलरवरून ३५ हजारांवर गेला. त्याआधी या साखळीतल्या मुली हंगाम संपला की शिकवण्या घ्यायच्या, दुसऱ्याच्या घरी राहायच्या. वेव्हच्या खेळाडू ज्या दिवसापासून एकत्र सरावाला लागल्या, तो दिवस या नव्या कराराच्या सावलीतला होता. त्यांच्या खेळातल्या मोकळेपणाचं थोडं श्रेय मी त्यालाही देतो.

साखळीतला पहिला सामना ह्यूस्टनमध्ये झाला. नव्वद मिनिटं संपली तरी गोल नाही. भरपाई वेळेत कॅली रील हिने गोल केला आणि वेव्ह १-० ने जिंकला. रीलसुद्धा बचावपटूच. पुढच्याच आठवड्यात घरच्या मैदानावर गॉथमविरुद्ध ४-० असा विजय मिळाला आणि चारही गोल मॉर्गनचे होते. त्यावेळी तिची मुलगी दोन वर्षांची होती आणि ती स्वतः तेहतिशीला टेकली होती. मॉर्गनचे दिवस संपले असं म्हणणारे बरेच होते. हंगामअखेर १५ गोलांसह तिने गोल्डन बूट मिळवला.

ते घरचं मैदान म्हणजे सॅन डिएगो विद्यापीठाचं टोरेरो स्टेडियम, ६ हजार प्रेक्षकांचं. जुन्या प्रेक्षकांना ते चांगलं ओळखीचं होतं. २००१ ते २००३ या काळात याच शहराचा सॅन डिएगो स्पिरिट हा संघ तिथे खेळायचा, जूली फाउडी आणि जॉय फॉसेट यांच्यासारख्या विश्वविजेत्या त्यात होत्या. २००३ चा विश्वचषक तोंडावर आला असताना ती अख्खी साखळीच पैशाअभावी बंद पडली. त्यानंतर जवळजवळ वीस वर्षं या शहरात महिलांचा अव्वल दर्जाचा व्यावसायिक संघ नव्हता.

जुलैमध्ये संघातल्या काही खेळाडू आपापल्या देशांकडून खेळायला गेल्या. मेक्सिकोतल्या मॉन्टेरे शहरात उत्तर आणि मध्य अमेरिका विभागाच्या अंतिम सामन्यात अमेरिका आणि कॅनडा समोरासमोर आले. ७८ व्या मिनिटाला अमेरिकेला पेनल्टी मिळाली. चेंडू ठेवायला मॉर्गन पुढे आली आणि गोलमध्ये उभी होती शेरिडन. सॅन डिएगोच्या सरावात रोज एकमेकींसमोर उभ्या राहणाऱ्या या दोघी. मॉर्गनने गोल केला, अमेरिका १-० ने जिंकली. आणि थोड्याच दिवसांत दोघी पुन्हा एकाच रंगाच्या जर्सीत खेळत होत्या.

याच सुमारास संघात आली जेडिन शॉ, १७ वर्षांची. पदार्पणाच्याच सामन्यात तिने गोल केला. मग १७ सप्टेंबरचा दिवस उजाडला. मिशन व्हॅलीतलं नवंकोरं स्नॅपड्रॅगन स्टेडियम तयार झालं होतं आणि तिथला वेव्हचा पहिला सामना होता एंजल सिटीशी. ३२ हजार माणसं आली. एनडब्ल्यूएसएलच्या सामन्याला तोवर एवढी गर्दी कधीच झाली नव्हती. गोल एकच झाला, तो शॉचा. सहा हजारांच्या मैदानात चांगला खेळ करून दाखवल्यावर बत्तीस हजारांचं मैदान भरतं, हे सॅन डिएगोने एका उन्हाळ्यात सिद्ध केलं.

बाद फेरीतला शिकागोविरुद्धचा सामना १६ ऑक्टोबरला त्याच मैदानावर झाला. प्रेक्षक २६ हजारांहून अधिक. शिकागोकडून जपानच्या युकी नागासातोने दहाव्याच मिनिटाला गोल केला आणि तासभर वेव्हला उत्तर सापडेना. ६६ व्या मिनिटाला बरोबरी साधली ती एमिली व्हॅन एगमंडने. महाराष्ट्रातल्या वाचकांपैकी काहींनी तिला टीव्हीवर पाहिलंही असेल. त्याच वर्षी जानेवारीत महिलांच्या आशिया चषकासाठी ती ऑस्ट्रेलियाच्या संघातून मुंबईत आली होती, आणि तिच्या संघाची ती स्पर्धा पुण्याच्या बालेवाडीत, दक्षिण कोरियाकडून उपांत्यपूर्व फेरीत १-० ने हरून संपली होती. कोविडच्या निर्बंधांमुळे तेव्हा मैदानं ओस होती, ही खंत आजही वाटते. सॅन डिएगोत मात्र तिच्या गोलाने स्टेडियम उसळलं. जादा वेळेत, ११० व्या मिनिटाला मॉर्गनने विजयी गोल केला.

आठवड्याने पोर्टलँडमध्ये उपांत्य सामना. तीन आठवड्यांपूर्वीच साखळीतल्या छळाबद्दलचा चौकशी अहवाल प्रसिद्ध झाला होता, त्यात पोर्टलँडच्या व्यवस्थापनावर कडक ताशेरे होते आणि तिथले प्रेक्षकच आपल्या मालकाविरुद्ध घोषणा देत होते. अशा वातावरणात टेलर कॉर्निकने सुरुवातीलाच वेव्हला आघाडी मिळवून दिली. पोर्टलँडने बरोबरी केली. सामना जादा वेळेत जाणार असं वाटत असताना भरपाई वेळेत कॉर्नरवरून बाहेर आलेला चेंडू क्रिस्टल डनने पेनल्टी क्षेत्राच्या कडेवरून थेट जाळ्यात मारला. डनला मूल होऊन पाच महिनेच झाले होते. वेव्हचा हंगाम तिथे संपला. मी वेव्हच्या बाजूचा, तरी त्या गोलाला मनापासून दाद दिली.

पुरस्कारांत गिर्मा सर्वोत्तम नवोदित ठरली आणि सर्वोत्तम बचावपटूही. एकाच वर्षी हे दोन्ही मान मिळवणारी ती पहिलीच. शेरिडन सर्वोत्तम गोलरक्षक, स्टोनी सर्वोत्तम प्रशिक्षक. पुढच्याच वर्षी, २०२३ मध्ये, वेव्ह साखळीच्या गुणतक्त्यात अव्वल आला. ती घडी कायम राहिली नाही. २०२४ च्या जूनमध्ये स्टोनी यांना पदावरून दूर करण्यात आलं, त्याच वर्षी क्लबचे मालक बदलले आणि सप्टेंबरात मॉर्गनने निवृत्ती घेतली. जानेवारी २०२५ मध्ये चेल्सीने गिर्मासाठी दहा लाख डॉलरहून अधिक रक्कम मोजली. महिला फुटबॉलमध्ये दहा लाखांचा टप्पा ओलांडणारी ती पहिली खेळाडू, आणि ती गोल करणारी नसून गोल अडवणारी आहे.

आपल्याकडेही एक पहिला हंगाम झाला होता. २०१७ च्या जानेवारी-फेब्रुवारीत दिल्लीत पहिली इंडियन विमेन्स लीग भरली, तेव्हा सहा संघांत एफसी पुणे सिटीचा महिला संघ होता. २०१९ मध्ये तो क्लबच बंद झाला. महाराष्ट्रात मुली फुटबॉल खेळतात, भरपूर खेळतात. पण त्यांच्या सामन्याला रिकाम्या खुर्च्यांखेरीज फारसं कुणी नसतं. कूपरेजला, बालेवाडीला किंवा तुमच्या गावच्या मैदानावर मुलींचा सामना आहे असं कळलं तर एक संध्याकाळ काढून जा, आणि जाताना घरातल्या मुलीलाही सोबत न्या.