कासवभुंगेरा ओळखायचा तर पान पाहा

पनामाच्या जंगलात पानावर सोन्याचा थेंब सांडल्यासारखा कासवभुंगेरा दिसला, की पाहणारा पहिल्यांदा रंग टिपून घेतो. गट ओळखायला अडचण नसते. कवच कडेला पसरलेले, बहुधा पारदर्शक, आणि डोके-पाय त्याखाली झाकलेले. जात ठरवताना मात्र रंगाला शेवटचे स्थान द्यावे, असे माझे मत आहे. पनामातल्या कॅरिडोटेला एग्रेजिया या जातीवर २००७ साली प्रसिद्ध झालेले संशोधन त्याचे कारण सांगते. तिच्या कवचात एकावर एक पातळ थर असतात आणि त्यांत सूक्ष्म छिद्रे. किडा निवांत असताना छिद्रांत द्रव भरलेला असतो, थर एकसंध होतात आणि उजेड आरशावरून यावा तसा परततो. किड्याला छेडले की द्रव ओसरतो, चकाकी मोडते आणि तळाचा लाल रंग दिसू लागतो. म्हणजे एकच किडा काही मिनिटांत दोन जातींचा वाटू शकतो! मेल्यावर कवच वाळते तेव्हा तर सोने जातेच, त्यामुळे टाचणीला लावलेल्या नमुन्याशी जिवंत किड्याचा रंग जुळवण्यात अर्थ नाही.

ठिपके आणि पट्टे तर टिकतात, असे कोणी म्हणेल. ते खरे आहे, आणि पुष्कळ जातींत उपयोगीही पडते. पण पनामातच केलिमॉर्फा आल्टरनान्स या एका जातीत लाल, धातूसारखे चकाकणारे आणि नक्षीदार असे निरनिराळे किडे आढळतात. त्यांची आपसांत पैदासही होते. म्हणून मी पानाकडे वळतो. बहुतेक कासवभुंगेरे ठरावीक कुळातल्या वनस्पतींवरच जगतात, त्यांतले कितीतरी रताळ्याच्या कुळातल्या वेलींवर. एकाच वेलीवर अनेक जाती असतात हा आक्षेप रास्त आहे, आणि झाडाची नेमकी जातही पुरावा ठरत नाही: उष्ण अमेरिकेतून आलेली बेशरम आपल्याकडचा ॲस्पिडिमॉर्फा मिलिअरिस आनंदाने खातो. पण कूळ कळले की शक्यता झपाट्याने कमी होतात. उरलेल्यांत कवचाच्या कडेची ठेवण, मिशा आणि अळी पाहावी. अनेक जातींची अळी शेपटीकडच्या काट्यावर आपली टाकलेली कात आणि विष्ठा छत्रीसारखी पेलते, आणि त्या ओझ्याचा आकार जातीजातींत वेगळा असतो. मोबाइलवर वरून काढलेल्या एका फोटोत यातले काहीच येत नाही. पानाचा, अळीचा आणि किड्याच्या पोटाकडचा फोटो मिळाला, तर जाणकाराला जात सांगणे पुष्कळ सोपे जाते.