गर्दीच्या वारंवारतांचा सामायिक वापर : हौशी रेडिओ आणि नागपूर

हौशी रेडिओचा परवाना केंद्र सरकार देते. मात्र त्यामुळे कोणतीही वारंवारता कोणाच्या मालकीची होत नाही. ४० मीटर पट्टा ७००० ते ७२०० किलोहर्ट्झ, म्हणजे अवघा २०० किलोहर्ट्झ रुंद आहे. त्याचा वरचा अर्धा भाग भारतासह आशियात २९ मार्च २००९ पासून प्रसारण केंद्रांकडून हौशींकडे आला. आवाजी संभाषणास सुमारे ३ किलोहर्ट्झ लागतात. मोर्सला त्याचा अल्पसा हिस्साही पुरतो. गप्पांची मंडळे, दूरदेशीचे क्षीण संकेत टिपणारे आणि स्पर्धक या सर्वांना एवढ्याच जागेत सामावून घ्यावे लागते.

'बोलण्यापूर्वी ऐका' हा नियम सर्वमान्य असला तरी रात्री तो अपुरा पडतो. सूर्यास्तानंतर आयनांबर क्षीण होते आणि ७ मेगाहर्ट्झच्या लहरी जवळ न परतता दूर उतरतात. परिणामी, वर्ध्याचा केंद्रचालक चेन्नईशी बोलत असता अवघ्या ७०-७५ किलोमीटरवरील नागपूरला तो बहुधा ऐकू येत नाही. वारंवारता मोकळी भासते, नागपूरकर हाक देतो आणि चेन्नईच्या कानी दोघांचा गोंधळ पडतो. यात उद्धटपणा कोणाचाच नसतो. म्हणून ऐकल्यानंतर 'ही वारंवारता वापरात आहे काय?' असे विचारून थांबणे अगत्याचे ठरते. वर्ध्यास तो प्रश्न पोहोचणार नाही, परंतु चेन्नई 'होय' म्हणू शकते.

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर हौशींनी संदेशवहनास साहाय्य केले होते. आपत्कालीन संदेशांसाठी या पट्ट्यात ७११० किलोहर्ट्झ हे केंद्र सुचविलेले आहे. तेथेच नव्हे, तर सर्वत्रच दोन वाक्यांमध्ये क्षणभर उसंत ठेवावी. क्षीण आवाजाच्या संकटग्रस्ताला तेवढ्याच फटीतून शिरता येते.