डोळ्यांना न दिसणारी काजळी

गैरसमज : सायलेन्सरमधून काळा धूर येत नाही, म्हणजे खाणीतली हवा ठीक आहे.

रॉकेलच्या चिमणीची काजळी दिसते, बोटाला लागते. डिझेल इंजिनाच्या काजळीचे बहुतेक कण एका मायक्रॉनहून बारीक असतात आणि श्वासाबरोबर थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात. नाकाचाही भरवसा धरू नये; थोड्या वेळात ते वासाला सरावतं. सायलेन्सरला फिल्टर बसवला की धूर जातो हे खरं, पण प्लॅटिनमचा लेप असलेल्या काही फिल्टरांमुळे नायट्रोजन डायऑक्साइड वाढतो. म्हणून काजळी मोजायची आणि वायूही.

गैरसमज : लोडरचा ड्रायव्हर बंद केबिनमध्ये बसतो, त्याला काय होणार?

केबिनचा उपयोग होतो, पण दार घट्ट लागत असेल आणि हवेचा फिल्टर वेळेवर बदलला असेल तर. उकाड्यानं काच खाली केली की संपलं. त्यामुळे मोजणी ड्रायव्हरच्या कॉलरपाशी करतात: फिल्टर तिथे, पंप कमरेला, आणि पंप चालतो पूर्ण शिफ्टभर. पुढे प्रयोगशाळेत फिल्टर तापवून त्यावरचा कार्बन मोजतात. यातला मूलद्रव्यी कार्बन ही इंजिनाची खरी खूण. सिगारेटचा धूर किंवा तेलाचा फवारा सेंद्रिय कार्बन वाढवतो, मूलद्रव्यी कार्बनला तो फारसा हलवत नाही.

गैरसमज : कॅन्सर होतो तो विडी-सिगारेटनं, डिझेलवर उगाच खापर फोडतात.

विडीचा दोष आहेच, पण तेवढ्यानं डिझेल सुटत नाही. अमेरिकेत पोटॅश, ट्रोना, मीठ आणि चुनखडीच्या 8 खाणींमधल्या 12,315 कामगारांचा अभ्यास 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. धूम्रपानाचा हिशेब वेगळा काढूनही, सर्वाधिक काजळी श्वासात गेलेल्यांमध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरनं मरण्याचा धोका सुमारे तिपटीनं जास्त निघाला. त्याच वर्षी जूनमध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं डिझेलचा धूर पहिल्या गटात, म्हणजे माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांत टाकला. 1988 पासून तो ‘बहुधा’ या गटात होता.

गैरसमज : आकडा मर्यादेखाली आहे, विषय संपला.

कोणत्या शिफ्टचा आकडा, हे आधी विचारा. अमेरिकेत कोळसा सोडून इतर भूमिगत खाणींसाठी 2008 पासून दर घनमीटरला 160 मायक्रोग्रॅम एकूण कार्बन ही मर्यादा आहे, आणि ती 8 तासांच्या हिशेबानं. ड्रायव्हर 12 तास 120 च्या हवेत बसला, तर त्याच्या नावावर 180 लागतात. शिवाय मर्यादा म्हणजे अभयपत्र नव्हे.

तिथल्या नियमानुसार खाणमालकाने केलेल्या मोजणीचा निकाल हाती आल्यापासून 15 दिवसांत खाणीच्या सूचनाफलकावर लागतो आणि 30 दिवस तिथे राहतो.