तिसरा रूळ: धोका व्होल्टेजचा नव्हे, अंतराचा

पुणे शहरात मेट्रोच्या दोन तऱ्हा आहेत. वनाझ-रामवाडी आणि पिंपरी-चिंचवड-स्वारगेट या मार्गिकांवरच्या गाड्या टपावरच्या पेंटोग्राफने २५,००० व्होल्टच्या तारेतून वीज घेतात. हिंजवडी-शिवाजीनगर या मार्गिका ३ साठी मात्र डोक्यावर तार नाही. तिथे रुळांच्या बाजूने, जमिनीपासून थोड्याच उंचीवर, आणखी एक धातूचा पट्टा जातो आणि त्यात ७५० व्होल्टचा एकदिश प्रवाह असतो. हाच थर्ड रेल, म्हणजे तिसरा रूळ. कोलकात्याची मेट्रो १९८४ पासून, बंगळूरुची २०११ पासून आणि कोचीची २०१७ पासून याच पद्धतीवर चालते. महाराष्ट्राला मात्र १९२५ पासून, मुंबईच्या पहिल्या विजेच्या लोकलपासून, ओव्हरहेड वायरची सवय आहे. त्यामुळे तिसऱ्या रुळाविषयी आपल्याकडे दोन टोकांच्या समजुती ऐकू येतात. एक म्हणते, हा सगळा मार्गच मृत्यूचा सापळा आहे, कुठल्याही रुळाला हात लागला की संपलेच. दुसरी म्हणते, २५,००० पुढे ७५० म्हणजे किरकोळ, त्यात घाबरण्यासारखे काय? दोन्ही समजुती चुकीच्या आहेत, आणि दोन्हींचे मूळ एकच आहे: विजेचा धोका फक्त व्होल्टच्या आकड्यावरून मोजण्याची सवय. तिसऱ्या रुळाचे गुण, दोष, मर्यादा आणि धोका हे सारे दोन गोष्टींतून येते. त्याचे व्होल्टेज कमी आहे आणि तो माणसाच्या हातापायाच्या टप्प्यात आहे. या दोन्ही गोष्टी एकत्र धरल्या, तरच त्याच्याविषयी नीट बोलता येते.

आधी वीज जाते कुठून कुठे ते पाहू, कारण निम्मे गैरसमज तिथेच आहेत. मार्गालगतच्या सबस्टेशनमध्ये उच्च दाबाची वीज ट्रान्सफॉर्मरने उतरवली जाते, रेक्टिफायरमधून एकदिश केली जाते आणि तिसऱ्या रुळात सोडली जाते. हा रूळ इन्सुलेटरांवर पेललेला असतो, जमिनीला त्याचा विद्युत-संबंध नसतो. गाडीच्या बोगीला बाजूने एक जाड पट्टी लावलेली असते, तिला कलेक्टर शू म्हणतात. ती स्प्रिंगच्या दाबाने तिसऱ्या रुळावर घासत जाते. काही ठिकाणी ती रुळाच्या माथ्यावर टेकते, तर बंगळूरुसारख्या ठिकाणी खालच्या अंगाला. शूमधून वीज गाडीतल्या इन्व्हर्टरकडे आणि तिथून मोटारींकडे जाते. इथपर्यंतची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. पुढचा भाग सुटतो. वीज गाडीत 'संपत' नाही. जितका प्रवाह आत आला तितकाच परत जावा लागतो, आणि तो चाकांमधून नेहमीच्या दोन रुळांत उतरून सबस्टेशनकडे परततो. म्हणजे ज्या रुळांवर गाडी धावते तेही या विद्युत-मार्गाचा भाग आहेत.

मग पहिली समजूत खरीच नाही का, असे कोणी विचारेल. नाही. परतीच्या रुळांतून हजारो अँपिअर वाहत असले, तरी त्यांचा जमिनीच्या तुलनेत दाब थोडा असतो, सहसा दोन आकडी व्होल्टच्या मर्यादेत. तो वाढू लागला तर रूळ आपोआप जमिनीशी जोडणारी संरक्षक साधने स्टेशनांवर बसवलेली असतात. सगळ्याच रुळांची भीती निराधार नव्हती, पण ती दुसऱ्या काळातली आहे. वेर्नर फोन सीमेन्स यांनी १८७९ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात पहिली छोटी विजेची गाडी चालवली तेव्हा दोन रुळांमध्ये वेगळा, इन्सुलेटरवरचा रूळ होता आणि दाब १५० व्होल्ट होता. दोनच वर्षांनी, १८८१ मध्ये, बर्लिनजवळ लिश्टरफेल्ड इथे त्यांनी ट्राम सुरू केली. तीत वीज थेट चालण्याच्या दोन रुळांतूनच दिली होती, एका रुळात धन आणि दुसऱ्यात ऋण. रस्ता ओलांडणाऱ्या माणसांना आणि घोड्यांना त्याचे धक्के बसत. ती रचना लवकरच मागे पडली, आणि तिसरा रूळ वेगळा, इन्सुलेटरवर ठेवण्याचे महत्त्व कायमचे पटले.

परतीच्या प्रवाहाचा खरा त्रास माणसांना नसून जमिनीखालच्या लोखंडाला असतो. रुळांतून थोडा जरी प्रवाह गळून जमिनीत शिरला, तर तो आजूबाजूच्या पाण्याच्या नळांतून, पुलाच्या सळयांतून वाट काढतो, आणि धातूतून बाहेर पडताना तो धातू झिजवतो. एक अँपिअरचा एकदिश प्रवाह वर्षभर गळत राहिला, तर साधारण नऊ किलो लोखंड विरघळते. म्हणून आधुनिक मेट्रोत चालण्याचे रूळही रबरी पॅड आणि इन्सुलेटेड क्लिपांवर बसवतात आणि त्यांना मुद्दाम जमिनीशी जोडत नाहीत. लंडनने याहून खर्चिक उपाय स्वीकारला. तिथे भुयारांना बिडाचे अस्तर आहे. परतीची वीज त्यात शिरू नये म्हणून चौथा रूळ टाकला गेला. बाजूचा रूळ जमिनीच्या तुलनेत अधिक ४२० व्होल्ट, मधला उणे २१० व्होल्ट, मिळून ६३०. ज्यांना वाटते की वीज शेवटी 'जमिनीत जाते' आणि तिथे प्रश्न मिटतो, त्यांनी लंडनचा हा चौथा रूळ लक्षात ठेवावा. वीज जमिनीत जाऊ नये म्हणूनच तो टाकलेला आहे.

आता दुसऱ्या, अधिक घातक समजुतीकडे येऊ. '७५० म्हणजे कमी' हे वाक्य २५,००० शी तुलना केली तर खरे आहे, शरीराशी तुलना केली तर साफ खोटे. घामेजलेल्या किंवा ओल्या त्वचेच्या माणसाच्या शरीराचा रोध साधारण हजार ओहम धरला, तर ७५० व्होल्टला त्यातून पाऊण अँपिअर प्रवाह जाईल. छातीतून याच्या पाचव्या हिश्श्याइतका प्रवाह काही क्षण गेला, तरी हृदयाची लय बिघडून मृत्यू येऊ शकतो. काही जण म्हणतात, एकदिश प्रवाह घरातल्या विजेपेक्षा सौम्य असतो. सारख्या अँपिअरला हृदयावरचा त्याचा परिणाम काहीसा कमी असतो, हे बरोबर आहे. पण इथे प्रवाह घातक मर्यादेच्या कित्येक पट आहे, त्यामुळे त्या फरकाचा काहीही आधार मानू नये. शिवाय एकदिश प्रवाहाची ठिणगी एकदा पेटली की सहज विझत नाही. घरच्या विजेत प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, तशी संधी इथे मिळत नाही. त्यामुळे भाजणे फार खोल होते.

मग दोन्ही पद्धतींतल्या धोक्यात फरक कुठे आहे? अंतरात. २५,००० व्होल्टची तार हवेतून झेप घेऊ शकते. म्हणूनच मुंबईच्या लोकलवरची १,५०० व्होल्टची जुनी पद्धत जाऊन २५,००० व्होल्ट आल्यावर टपावर चढणाऱ्यांसाठी तारेला हात न लागताही मृत्यूचा धोका निर्माण झाला. ७५० व्होल्ट हवेत मिलिमीटरभरही अंतर ओलांडू शकत नाहीत. 'थर्ड रेल जवळ गेलेल्याला खेचून घेतो' ही गोष्ट म्हणूनच निव्वळ कल्पना आहे. त्याला स्पर्श व्हावा लागतो. पण तार पाच-सहा मीटर उंच असते आणि तिसरा रूळ घोट्याच्या उंचीवर. उंच तारेपर्यंत पोचायला वेडे साहस लागते. तिसऱ्या रुळापर्यंत पोचायला फलाटावरून उतरून एक चुकीचे पाऊल पुरते. व्होल्टेज कमी असूनही सावधगिरी अधिक लागते ती यासाठी.

'गाडी नसेल तेव्हा रूळ बंद असतो' ही समजूतही याच कारणाने जीवघेणी ठरते. सेवा चालू असताना तिसऱ्या रुळाचा प्रत्येक टप्पा सतत विजेवर असतो, समोर गाडी असो वा नसो. गोंधळाचे एक कारण बहुधा फ्रान्समधले बोर्दो शहर असावे. तिथे २००३ पासून ट्रामसाठी रस्त्यातच एक पट्टा बसवला आहे आणि त्याचे फक्त ट्रामखाली झाकलेले तुकडेच चालू होतात. माणसे रस्त्यावरून बिनधास्त चालू शकावीत म्हणून केलेली ती महागडी, खास व्यवस्था आहे. मेट्रोच्या तिसऱ्या रुळाचा तिच्याशी संबंध नाही. न्यूयॉर्कच्या उंदरांचे उदाहरणही असेच फसवे आहे. उंदीर तिसऱ्या रुळावरून पळतो, कारण त्या क्षणी त्याचे शरीर दुसऱ्या कशाला टेकलेले नसते, प्रवाहाला पुढे वाट नसते. जमिनीवर उभ्या माणसाने हात लावला की ती वाट पूर्ण होते.

पावसाची शंका महाराष्ट्रात साहजिक आहे. पावसाने तिसरा रूळ भिजला तर सगळा मार्ग विजेचा होतो, असे होत नाही. इन्सुलेटर पावसात काम करतील असेच घडवलेले असतात, आणि शू खालून टेकणाऱ्या रचनेत वरून व बाजूने फायबरग्लासचे आच्छादनही असते. कोची आणि कोलकाता यांच्यासारखी भरपूर पाऊस झेलणारी शहरे ही पद्धत वापरतात, हा पुरेसा पुरावा आहे. पूर मात्र वेगळी बाब आहे. गढूळ पाणी इन्सुलेटरांच्या वर चढले की वीज तोडण्यावाचून इलाज नसतो. २०१२ मध्ये सँडी वादळाआधी न्यूयॉर्कने भुयारी रेल्वे आदल्या संध्याकाळीच थांबवली होती. थंड देशांत पावसापेक्षा बर्फाचा त्रास मोठा, कारण माथ्यावर गोठलेला बर्फ शूला धातूपर्यंत पोचूच देत नाही. न्यूयॉर्क सेंट्रल रेल्वेसाठी विल्गस आणि स्प्रेग या अभियंत्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच खालून टेकणारा रूळ आणला, तो याच अडचणीतून. सांध्यांवर आणि खंडांवर दिसणाऱ्या निळ्या ठिणग्या हे मात्र बिघाडाचे लक्षण नव्हे. जिथे रूळ फुटून मार्ग बदलतात तिथे तिसऱ्या रुळात खंड ठेवावाच लागतो. शू त्यावरून सुटताना क्षणभर ठिणगी पडते, आणि गाडीच्या पुढच्या-मागच्या बोगींवरचे बाकीचे शू वीज चालू ठेवतात.

याहून मोठा आक्षेप असा की ही पद्धतच कालबाह्य आहे. त्याचे उत्तर साध्या गणितात आहे. वेग घेताना मेट्रोची गाडी तीन मेगावॅट वीज ओढते असे धरू. २५,००० व्होल्टला त्यासाठी १२० अँपिअर पुरतात, ७५० व्होल्टला ४,००० लागतात. इतका प्रवाह बारीक तारेतून जाणार नाही, म्हणून जाडजूड रूळ हवा. आज त्यासाठी पोलादाऐवजी ॲल्युमिनियमचा रूळ आणि घासणाऱ्या अंगाला स्टेनलेस स्टीलचा थर वापरतात, कारण ॲल्युमिनियमचा रोध कमी आहे. तरीही अंतर वाढेल तसा दाब घसरतो. ७५० व्होल्टच्या पद्धतीत तो ५०० च्या खाली जाऊ द्यायचा नसतो, म्हणून सबस्टेशने दर दोनेक किलोमीटरवर लागतात. २५,००० व्होल्टला ती तीस-चाळीस किलोमीटरवर असली तरी चालते. म्हणजे लांब पल्ल्याच्या रेल्वेसाठी तिसरा रूळ चुकीचा आहे, यात वाद नाही. वेगाचीही मर्यादा आहे: इंग्लंडच्या दक्षिणेत या रुळावर नियमित गाड्या ताशी १६० किलोमीटरपर्यंतच धावतात. फ्रान्समध्ये ३०० च्या वेगाने धावणारी युरोस्टार २००७ पर्यंत लंडनच्या वॉटर्लूला येताना याच रुळावर येऊन मंदावत असे. पण शहरातल्या मेट्रोला ना शेकडो किलोमीटर जायचे असते ना ३०० चा वेग गाठायचा असतो. तिला अरुंद भुयार हवे असते, कारण भुयाराचा व्यास वाढला की खर्च वाढतो, आणि उन्नत मार्गावर खांब-तारांचे जाळे नको असते. डोक्यावर २५,००० व्होल्टची तार घ्यायची तर तिच्याभोवती मोकळी जागा राखावी लागते. तिसऱ्या रुळाला ती लागत नाही.

मग दाब आणखी कमी करून रूळ निरुपद्रवी का करत नाहीत? ५० व्होल्टला त्याच तीन मेगावॅटसाठी ६०,००० अँपिअर लागतील. ब्रायटनमध्ये मॅग्नस व्होल्क यांनी १८८३ मध्ये ५० व्होल्टवर गाडी चालवली खरी, पण ती किनाऱ्यावरची छोटी गाडी होती, आणि त्यांनाही पुढे दाब वाढवावा लागला. उलट दिशेने जाता येते: हॅम्बुर्गच्या उपनगरी रेल्वेत १,२०० व्होल्ट आहेत, चीनमधल्या ग्वांगचौ मेट्रोच्या ४ क्रमांकाच्या मार्गावर १,५००. पण जमिनीच्या इतक्या जवळ त्याहून फार वर जाणे व्यवहार्य नाही.

खरा गंभीर आक्षेप सुरक्षेचा आहे, आणि तो मान्य करायला हवा. ब्रिटनच्या रेल्वे नियामकाचे धोरण तिसऱ्या रुळाचे जाळे आणखी वाढवण्याच्या विरोधात आहे, मुख्यतः मार्गावर काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या जिवाच्या काळजीने. लिव्हरपूलजवळ हेडबोल्ट लेन स्थानकापर्यंतचा विस्तार २०२३ मध्ये झाला तेव्हा तिथे रूळ वाढवण्याऐवजी बॅटरीवर धावणाऱ्या गाड्या आणल्या. पण ब्रिटनचे जाळे उघड्या मैदानातून, गावांतून, रस्त्यांच्या फाटकांवरून जाते. हिंजवडीची मार्गिका संपूर्ण उन्नत आहे, रस्त्यावरचा माणूस तिच्यापर्यंत पोचूच शकत नाही. जिथे हातापायाचे अंतर बांधकामानेच तोडलेले आहे, तिथे ही पद्धत योग्य आहे. जिथे माणसे रूळ ओलांडतात, तिथे नाही. आपल्या उपनगरी लोकलसाठी ती कधीच चालली नसती, हे मी निःसंकोच म्हणेन.

उन्नत मेट्रोत ते अंतर फक्त एका जागी उघडे राहते, फलाटाच्या कडेला. म्हणून स्टेशनात तिसरा रूळ सहसा फलाटाच्या समोरच्या बाजूला टाकतात, आणि वीज तत्काळ तोडण्याची सोय ठेवलेली असते. हातातला मोबाइल, पाकीट किंवा मुलाचे खेळणे रुळांत पडले तर खाली उतरू नका, गाडी दूर दिसत असली तरी नाही. जवळच्या कर्मचाऱ्याला सांगा. वीज तोडल्याची खात्री करून ती वस्तू तेच काढून देतील.