२५ सप्टेंबर कसा पाठ झाला?

सविनय कायदेभंगाच्या धड्यात जंगल सत्याग्रहांच्या गावांची यादी येते: बिळाशी, संगमनेर, कळवण, चिरनेर, पुसद. पुण्या-मुंबईची मुलं ही नावं आद्याक्षरं जोडून घोकतात, पेपरात उतरवतात आणि दिवाळीच्या सुट्टीत विसरूनही जातात. उरण तालुक्यातल्या चिरनेरच्या पोराला मात्र घोकावं लागत नाही. २५ सप्टेंबर १९३०, अक्कादेवीचा डोंगर, पोलिसांचा गोळीबार, आठ हुतात्मे. दरवर्षी त्या तारखेला गावात हुतात्म्यांना मानवंदना असते. वर्षातून एकदा गावच उजळणी घेतं म्हणा ना.

आपल्या माणसांची गोष्ट मनाला भिडते, म्हणून ती राहते, हे खरंच. पण नुसतं भिडून भागत नाही. काही काळानं ती पुन्हा समोर यावी लागते. अभ्यासाच्या वेळापत्रकात आपण नेमकं हेच गाळतो.

माझं दहावीचं वेळापत्रक चार रंगांच्या स्केचपेननं आखलं होतं. पहाटे ५ ते ६ पाठांतर, ६ ते ७ बीजगणित, सगळ्या चौकटी एका मापाच्या. आखण्यातच रविवार गेला आणि गुरुवारपर्यंत ते मोडलं. त्यात किती वेळ बसायचं ते होतं. वाचलेलं परत कधी काढायचं, याला एकही चौकट नव्हती.

विसरणं मोजायला बसलेला पहिला माणूस म्हणजे जर्मनीचा हर्मान एबिंगहाउस. त्यानं निरर्थक अक्षरगटांच्या याद्या स्वतःच पाठ केल्या, काही वेळानं त्याच पुन्हा पाठ केल्या आणि दुसऱ्या खेपेला कष्ट किती वाचले ते टिपलं. १८८५ साली छापलेले त्याचे आकडे असे: तासाभरानं बचत निम्म्याहून कमी, दिवसानं सुमारे एक तृतीयांश, महिन्यानं एक पंचमांश. म्हणजे घसरण सगळ्यात जोरात होते ती सुरुवातीलाच. पहिली उजळणी परीक्षेच्या आदल्या रात्रीवर टाकली, की ती उजळणी उरत नाही, धडा नव्यानंच शिकावा लागतो.

बरं, उजळणी म्हणजे तोच धडा पुन्हा वाचणं नव्हे. २००६ साली अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक यांनी विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं पारडं फिरलं: वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ५६. पुन्हा वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो आणि ती ओळखच आपण ज्ञान समजून बसतो. पिवळ्या हायलायटरनं न्हाऊन निघालेल्या पुस्तकांचं दुखणंही हेच.

आपल्या आज्यांना हे बहुधा ठाऊक होतं. दिवेलागणीला शुभंकरोती झालं की परवचा. पाढा सरळ म्हणून सुटका नसे; मध्येच ‘सोळा साते?’ असा प्रश्न यायचा आणि ‘बारोदरसे’ हे उत्तर आतून ओढून काढावं लागे. घोकंपट्टी म्हणून आपण परवचा मोडीत काढला आणि त्यातली ही आठवून काढण्याची युक्तीही त्याबरोबर गेली.

गणिताचं थोडं वेगळं. एका सरावसंचात एकाच जातीची गणितं असतात. चौथ्यापासून हात आपोआप चालतो. रोहरर आणि टेलर यांच्या २००७ सालच्या प्रयोगात एका जातीची गणितं सलग सोडवणाऱ्यांना सरावात ८९ टक्के मिळाले, मिसळून सोडवणाऱ्यांना ६०. आठवड्यानंतरच्या चाचणीत पहिला गट २० टक्क्यांवर आला, दुसरा ६३ वर राहिला. कोणतं सूत्र लावायचं हे ठरवण्याचा सराव फक्त दुसऱ्या गटाला झाला होता. म्हणून प्रकरणाच्या शेवटचा संकीर्ण प्रश्नसंग्रह मागे ठेवू नये, त्यातलं रोज एखादं गणित उचलावं.

उजळण्यांत अंतर किती ठेवायचं? सेपेडा आणि सहकाऱ्यांनी २००८ साली १,३०० हून अधिक जणांवर हे तपासलं. चाचणी आठवड्यावर असेल तर एक-दोन दिवसांचं अंतर बरं. वर्षावर असेल तर तीन ते पाच आठवड्यांचं. परीक्षा जितकी लांब, तितकी उजळणी सैल. आणि मध्ये झोप हवीच, कारण दिवसभर शिकलेलं मेंदू झोपेत पक्कं करतो. रात्रभर जागून केलेला अभ्यास त्या कामाची वेळच खाऊन टाकतो.

तेव्हा स्केचपेन ठेवून द्या, पेन्सिल घ्या. धडा वाचून झाला की शीर्षकाशेजारी तीन तारखा टाका: उद्याची, पुढच्या आठवड्यातली, पुढच्या महिन्यातली. त्या दिवशी पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहा, मग पुस्तक उघडून पडताळा. पहिल्या खेपेला चार-पाच ओळींवर गाडी अडेल. तो कागद चुरगाळू नका. तारीख घालून त्याच पानात ठेवा, पुढच्या महिन्याच्या कागदाशेजारी लावून बघायला.