कोपराच्या आतली कळ : ब्रिटनमधले हातकाम आणि गोल्फर्स एल्बो

दंडाच्या हाडाला कोपरापाशी, आतल्या बाजूला एक उंचवटा असतो. मनगट आत वाकवणारे, बोटे मिटवणारे आणि तळहात पालथा करणारे स्नायू एका सामाईक कंडरेने या उंचवट्याला जोडलेले असतात. गोल्फर्स एल्बो हे याच कंडरेचे दुखणे. बहुतेक रुग्ण खेळाडू नसतात. विटा रचणारे, मांस कापणारे, पाना फिरवणारे प्लंबर, सुतार, गोदामात खोकी उचलणारे अशा घट्ट मूठ आवळून मनगट वळवत राहणाऱ्यांना ते गाठते.

पूर्वी या विकाराकडे सूज म्हणून पाहिले जाई. जुनाट दुखण्यातली कंडरा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर मात्र सूज आणणाऱ्या पेशी फारशा आढळत नाहीत. तंतूंची रचना विस्कटलेली आणि त्यांत नव्या बारीक रक्तवाहिन्या शिरलेल्या दिसतात. रोजच्या कामात होणारी झीज भरून निघण्याआधीच नवा ताण पडत गेला, की अशी अवस्था येते. नुसत्या विश्रांतीने कळ थांबते, पण कंडरेची ताकद परत येत नाही. उपचार आणि प्रतिबंध या दोन्हींचा पाया हाच आहे.

कारणांचा शोध

ब्रिटनमधली महत्त्वाची पाहणी साउदॅम्प्टन इथल्या संशोधकांनी केली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ६,०३८ प्रौढांनी प्रश्नावली भरून दिली. त्यांपैकी ६३६ जणांचे कोपर आदल्या आठवड्यात दुखले होते. तपासणीअंती ०.७ टक्के लोकांत कोपराच्या बाहेरच्या बाजूचा टेनिस एल्बो, तर ०.६ टक्के लोकांत गोल्फर्स एल्बो निघाला. दिवसातून तासाभराहून अधिक वेळ कोपर वाकवण्या-सरळ करण्याचे काम असणाऱ्यांत गोल्फर्स एल्बोची शक्यता सुमारे पाचपट होती. या दोन्ही विकारांच्या रुग्णांत दुखण्यापायी रजा घेणारे अवघे ५ टक्के होते, पण ज्यांनी घेतली त्यांच्या रजेचा मध्यक २९ दिवसांचा होता.

फ्रान्समधल्या १,७५७ कामगारांच्या अभ्यासात, म्हणजे हातांवर ताण येणारी कामे करणाऱ्यांत, हे प्रमाण ४ ते ५ टक्के होते. तिथे जोर लावून करायच्या कामाशी विकाराचे नाते दिसले, नुसत्या पुनरावृत्तीशी दिसले नाही. तीन वर्षांत ८१ टक्के कामगार बरे झाले. फिनलंडच्या पाहणीत धूम्रपान आणि लठ्ठपणा यांचाही संबंध आढळला. व्यवसायाच्या नावापेक्षा जोर किती लागतो, हालचाल किती वेळा होते आणि मध्ये उसंत किती मिळते, हे पाहणे म्हणूनच अधिक उपयोगी ठरते.

ओळख

उंचवट्यावर किंवा त्याच्या किंचित पुढे-खाली बोट दाबल्यास दुखते. मनगट आत वाकवताना किंवा तळहात पालथा करताना कोणी विरोध केला, तर तीच कळ उठते. पकड सैल होते. निदान बहुधा हाताने तपासूनच होते, शंका असेल तेव्हाच सोनोग्राफी किंवा एमआरआय लागतो. करंगळी व अनामिकेत मुंग्या येत असतील, तर शेजारून जाणाऱ्या अल्नर नसेवर दाब आहे का, हे पाहावे लागते. अचानक ‘कट्’ असा आवाज होऊन हात निकामी झाल्यास, किंवा कोपर लाल, गरम होऊन ताप आल्यास थांबून चालत नाही.

उपचार

पहिले काही आठवडे कळ उठवणारे काम कमी करायचे, पण हात गळ्यात बांधून ठेवायचा नाही. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेनचे जेल किंवा कोपराखाली बांधायचा पट्टा यांनी तात्पुरता आराम पडतो. मुख्य उपचार व्यायामाचा. हात टेबलावर ठेवून, तळहात वर करून, हलके वजन ३० ते ४५ सेकंद स्थिर धरण्यापासून सुरुवात होते. पुढे तेच वजन मनगटाने सावकाश खाली सोडायचे आणि भार आठवड्यागणिक वाढवत न्यायचा. व्यायामात थोडे दुखले आणि दुसऱ्या दिवसापर्यंत शमले, तर ते चालते. फरक दिसायला तीनेक महिने लागू शकतात. इंग्लंडमध्ये अनेक ठिकाणी जीपीला (नेहमीच्या डॉक्टरला) न भेटता थेट एनएचएसच्या (सरकारी आरोग्यसेवेच्या) फिजिओथेरपिस्टकडे नाव नोंदवता येते.

स्टिरॉइडच्या इंजेक्शनचा मोह मोठा असतो, कारण त्याने लवकर बरे वाटते. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ६० कोपरांवरच्या अभ्यासात सहा आठवड्यांनी त्याचा फायदा दिसला, मात्र तीन महिन्यांनी आणि वर्षाने इंजेक्शन न घेतलेल्यांच्या तुलनेत काही फरक उरला नव्हता. दुखणे थांबले म्हणून जुन्याच वेगाने कामाला लागलेल्या माणसाला ही उसंत महागात पडू शकते. शस्त्रक्रियेचा विचार सहा ते बारा महिने इतर उपाय करूनही गुण न आल्यासच होतो.

कामावर परतणे

ब्रिटनमध्ये २०१० पासून डॉक्टरच्या दाखल्याच्या रूपात ‘फिट नोट’ चालते. रुग्ण कामास असमर्थ आहे एवढेच न लिहिता टप्प्याटप्प्याने परतणे, वेळ बदलणे, कामाचे स्वरूप बदलणे आणि जागेत सुधारणा असे चार पर्याय त्यात सुचवता येतात. जुलै २०२२ पासून फिजिओथेरपिस्टही ती देऊ शकतात. स्वयंरोजगारावर असलेल्या गवंडी-सुतारांना मात्र मालकाकडून मिळणारे वैधानिक आजारपणाचे वेतन नसते. त्यांची सुट्टी थेट खिशाला बसते आणि दुखणे अंगावर काढले जाते.

प्रतिबंध आणि कायदा

१९७४ च्या आरोग्य व सुरक्षा कायद्याने कामगाराची काळजी मालकावर टाकली आहे. त्याची अंमलबजावणी पाहणाऱ्या हेल्थ अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्हचे ‘आर्ट’ नावाचे साधन वारंवारता, जोर, अवघडलेली स्थिती आणि इतर बाबी तपासून कामाला हिरवा, पिवळसर वा लाल रंग देते. उपाय साधे असतात: मांस कापणाऱ्याची सुरी धारदार ठेवणे, मुठीत नीट बसणारी दांडी देणे, मनगट सरळ राहील अशा उंचीवर माल ठेवणे, हाताने पिळायचे स्क्रू यंत्राने बसवणे. जाड हातमोज्यांत पकड अधिक आवळावी लागते, म्हणून मोजे मापाचे हवेत. कामांची अदलाबदल दुसऱ्या कामात वेगळे स्नायू वापरले जात असतील तरच उपयोगी. नगावर मजुरी असेल तर छोट्या विश्रांती वेळापत्रकातच बसवाव्या लागतात. नव्या किंवा दीर्घ रजेवरून आलेल्या कामगाराचा वेग हळूहळू वाढवावा लागतो. कंप देणाऱ्या यंत्रांसाठी २००५ च्या नियमांनी आठ तासांच्या सरासरीने २.५ मीटर प्रति सेकंद वर्ग ही कृतीची आणि ५ ही कमाल मर्यादा घातली आहे.

औद्योगिक दुखापतींच्या सरकारी भत्त्याच्या यादीत कोपरावर सतत घर्षण वा दाब पडून होणारा ‘बीट एल्बो’ आहे, गोल्फर्स एल्बो नाही. एखादा रोग यादीत घेताना सल्लागार परिषद त्या कामाने धोका दुपटीहून अधिक वाढतो का, याचा भक्कम पुरावा मागते. तिच्या २००६ च्या अहवालात हात-कोपरांच्या विकारांचा आढावा घेतला गेला, तरी हे दुखणे यादीबाहेरच राहिले. मालकाच्या निष्काळजीपणाबद्दल दिवाणी दावा करता येतो, पण त्यात दोष सिद्ध करावा लागतो. दुखणे कधी सुरू झाले, त्या वेळी कोणते काम चालू होते आणि वरिष्ठांना ते केव्हा सांगितले, याची नोंद कामगाराने सुरुवातीपासून ठेवली, तर कामात बदल मागताना आणि दावा करताना, दोन्हीकडे ती उपयोगी पडते.