सशांच्या शिकारीचा हंगाम : गैरसमज आणि वस्तुस्थिती

अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत रानसशाच्या शिकारीला ठरावीक हंगाम असतो. मिशिगनमध्ये तो १५ सप्टेंबरला उघडतो आणि ३१ मार्चपर्यंत चालतो. मिझुरीत १ ऑक्टोबर ते १५ फेब्रुवारी. ओहायोच्या शिकाऱ्यांना नोव्हेंबर उजाडेपर्यंत थांबावं लागतं, आणि टेक्सासमध्ये शिकार बंद असा काळच नाही. या सगळ्या राज्यांत सर्वाधिक आढळणारा ससा मात्र एकच : ईस्टर्न कॉटनटेल. वजन साधारण सव्वा किलो, रंग मातकट, शेपटी खालून कापसाच्या बोंडासारखी पांढरीशुभ्र.

मग तारखांत एवढी तफावत का? हंगाम लवकर उघडला तर ससे संपतील का? उशिरा उघडला तर वाढतील का? दर शरद ऋतूत शिकारी, शेतकरी आणि प्राणिप्रेमी यावर हिरिरीने वाद घालतात. तारीख महत्त्वाची आहे, पण आपण समजतो त्या कारणासाठी नाही. सशांचं भवितव्य कॅलेंडरपेक्षा झुडपांच्या हाती अधिक आहे, आणि हे न कळल्यामुळे बरेच प्रयत्न भलतीकडेच खर्ची पडतात.

गैरसमज : हंगाम जितका उशिरा उघडेल, तितके ससे जास्त उरतील.

वस्तुस्थिती : कॉटनटेलची मादी जेमतेम २८ दिवसांत विते आणि बहुधा त्याच दिवशी तिचा पुन्हा संग होतो. अमेरिकेच्या मध्य भागात फेब्रुवारी ते सप्टेंबर हा विणीचा काळ. तेवढ्यात तीन-चार वेतं सहज होतात आणि प्रत्येक वेताला सरासरी चार-पाच पिल्लं. तरीही रानं सशांनी भरून जात नाहीत, कारण दहातले आठ ससे वर्षभरही जगत नाहीत. कोल्हे, ससाणे, घुबडं, मोकाट मांजरं, गवत कापणारी यंत्रं, पिल्लांच्या दिवसांतला गार पाऊस, रोगराई अशा अनेक वाटांनी ते जातात.

शरद ऋतूत संख्या सर्वाधिक असते आणि तिथून वसंतापर्यंत ती घसरतच जाते, शिकारी असो वा नसो. सुरुवातीच्या आठवड्यांत मारलेल्या सशांपैकी बरेचसे एरवीही हिवाळा पार करू शकले नसते. म्हणून चांगला आडोसा असलेल्या मोठ्या रानात उघडण्याची तारीख पंधरा दिवस मागेपुढे झाल्याने पुढच्या वर्षीच्या संख्येत फारसा फरक पडत नाही.

या हिशेबाला मर्यादा आहे. फेब्रुवारीपर्यंत जे तगले, ते पुढच्या पिढीचे आईबाप. त्या वेळी मारलेल्या सशाची भरपाई होणं अवघड. म्हणजे हंगाम उघडतो कधी यापेक्षा तो मिटतो कधी, हा प्रश्न जास्त मोलाचा आहे. चारी बाजूंनी नांगरलेल्या शेतांत अडकलेला झुडपांचा एखादा लहानसा तुकडा असेल, तर तिथे चार दिवसांच्या शिकारीतही ससे निपटून जाऊ शकतात. अशा जागी शिकाऱ्याने कायद्याची वाट न पाहता स्वतःहून हात आवरायला हवा.

गैरसमज : असं आहे तर हंगाम कधीही उघडला तरी चालेल.

वस्तुस्थिती : चालणार नाही. कॉटनटेलचं घरटं पाहिलं की कारण कळतं. जमिनीत ओंजळभर खळगा, त्यात सुकं गवत आणि आईने स्वतःच्या अंगावरून उपटलेली मऊ लव, वरून त्याच लवेचं झाकण. आत बोटभर लांबीची, डोळे मिटलेली पिल्लं. आई दिवसभर जवळ फिरकत नाही. पहाटे आणि तिन्हीसांजेला येते, काही मिनिटं पाजते आणि निघून जाते. आठवड्याभरात पिल्लांचे डोळे उघडतात, दोन-अडीच आठवड्यांत ती घरट्याबाहेर पडतात. ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरात शेवटचं वेत घरट्यात असताना आई मारली गेली, तर पिल्लं उपाशी मरतात. ऑक्टोबर उजाडेपर्यंत बहुतेक पिल्लं स्वतःच्या पायांवर उभी असतात. शिकार करायचीच असेल, तर तोवर थांबण्यामागे हे साधं, माणुसकीचं कारण आहे.

टेक्साससारख्या उष्ण मुलखात वीण जवळजवळ वर्षभर चालते, त्यामुळे तिथे वीण टाळून तारीख काढणंच कठीण. शिवाय तारखेत माणसांच्या सोयीही मिसळलेल्या असतात : मक्याची काढणी, हरणांच्या शिकारीचे दिवस, पानगळीनंतर मोकळी होणारी दृष्टी. एका राज्याची तारीख दुसऱ्याने उचलून उपयोग नाही, त्याचं कारण हेच.

गैरसमज : पहिली कडाक्याची थंडी पडली, की ससा खायला निर्धोक होतो.

वस्तुस्थिती : या समजुतीत थोडं तथ्य आहे, पण त्यावर विसंबणं धोक्याचं. यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते.

पहिली गोष्ट अळीची. बॉटफ्लाय जातीच्या माशीची जाडजूड अळी उन्हाळ्याच्या शेवटी सशाच्या कातडीखाली वाढते. दिसायला किळसवाणी, पण ती कातडीखालीच असते. तेवढा भाग काढून टाकला तर बाकीचं मांस बाधत नाही. थंडी वाढेपर्यंत बहुतेक अळ्या आपोआप गळून जातात.

दुसरी गोष्ट खरी गंभीर : तुलारेमिया. कॅलिफोर्नियातल्या तुलारे परगण्यात १९११ मध्ये खारींमध्ये हा रोग ओळखला गेला. गोचीड आणि चावणाऱ्या माश्या तो पसरवतात, आणि आजारी ससा उघड्या हातांनी सोलताना जंतू माणसाच्या अंगात शिरतात. थंडीत गोचीड कमी होतात, आजारी ससे आधीच मरून जातात, त्यामुळे धोका घटतो, पण संपत नाही. या रोगाचे जंतू गोठलेल्या मांसातही दीर्घकाळ जिवंत राहतात. म्हणून सुस्त, पळायला न धजणारा ससा मारू नये, सोलताना रबरी हातमोजे घालावेत, यकृतावर बारीक पांढरे ठिपके दिसले तर ससा टाकून द्यावा, आणि मांस आतपर्यंत ७४ अंश सेल्सिअसला शिजवावं. सोलल्यानंतर काही दिवसांत ताप आला किंवा गाठी सुजल्या, तर डॉक्टरांना सशाचं आवर्जून सांगावं. प्रतिजैविकांनी हा रोग बरा होतो.

गैरसमज : ससे कमी झाले, तर बाहेरून आणून सोडावेत.

वस्तुस्थिती : हा उपाय करून झाला आहे आणि तो महागात पडला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शिकारीसाठी ईस्टर्न कॉटनटेल ईशान्य अमेरिकेत मोठ्या संख्येने नेऊन सोडले गेले. तिथला मूळचा ससा वेगळा, न्यू इंग्लंड कॉटनटेल. नव्या पाहुण्याने त्याच्या जागा बळकावल्या. त्याच काळात ओसाड पडलेली शेतं वाढून पक्की जंगलं झाली आणि मूळ सशाला लागणारी कोवळी, दाट झुडपं नाहीशी झाली. १९६० पासून त्याचा चार-पंचमांशाहून जास्त मुलूख हातचा गेला.

हे दोन ससे रानात नुसत्या नजरेने ओळखणं जवळपास अशक्य. म्हणून अभ्यासक हिवाळ्यात बर्फावरच्या लेंड्या गोळा करतात आणि डीएनए तपासून कोणता ससा कुठे आहे ते ठरवतात. जिथे तज्ज्ञांची ही तऱ्हा, तिथे धावत्या सशावर बंदूक रोखणाऱ्याला काय कळणार? मेन राज्याने तर कॉटनटेलची शिकार बंदच केली. तिथे हंगाम कधी उघडावा याचं प्रामाणिक उत्तर ‘उघडू नये’ असंच आहे.

गैरसमज : कोल्हे आणि ससाणे मारले, की ससे वाढतील.

वस्तुस्थिती : शिकारी प्राणी पूर्वीही होते आणि ससेही भरपूर होते. बदललं ते रान. अमेरिकेच्या मध्य भागात शेतांच्या कडेला पूर्वी काटेरी झाडांची दाट कुंपणं असत. मोठी यंत्रं आली, शेतं एकमेकांना जोडली गेली, बांध साफ झाले. ससा फार लांब जात नाही, त्याचं सारं आयुष्य काही एकरांत सरतं. त्या काही एकरांत चारा आणि लपण हाकेच्या अंतरावर नसेल, तर तो टिकत नाही.

उपाय स्वस्त आहे आणि त्याला बंदूक लागत नाही. जाड ओंडके जमिनीवर आडवे रचायचे, मध्ये वीतभर फटी ठेवायच्या. त्यावर ओंडक्यांचा दुसरा थर आडवा-तिडवा, मग मोठ्या फांद्या, शेवटी काटक्या. पुरुषभर उंच आणि बारा-पंधरा फूट रुंद असा ढीग शेताच्या कडेला, गवतापासून चार उड्यांवर उभा केला, की खालच्या फटींतून सशाला आत शिरता येतं आणि कोल्हा बाहेर राहतो. माती किंवा पालापाचोळा टाकून फटी बुजवल्या, तर ढीग निरुपयोगी.

गैरसमज : ससे माजले, तर बंदूक पुरेशी आहे.

वस्तुस्थिती : ऑस्ट्रेलियाने याचा अनुभव घेतला. १८५९ मध्ये थॉमस ऑस्टिन यांनी व्हिक्टोरियातल्या आपल्या जहागिरीवर शिकारीच्या हौसेसाठी इंग्लंडहून २४ ससे आणवले. पुढच्या काही दशकांत सशांनी खंडाचा मोठा भाग व्यापला. बंदुका, सापळे, विष सारं झालं. पश्चिम ऑस्ट्रेलियाने १९०१ ते १९०७ दरम्यान तीन हजार किलोमीटरहून जास्त लांबीची कुंपणं घातली, तीही अपुरी पडली. १९५० मध्ये मिक्सोमॅटोसिसचा विषाणू सोडल्यावर ससे प्रचंड संख्येने मेले, पण वाचलेल्यांत प्रतिकारशक्ती आली आणि दुसरा विषाणू लागला. टिकाऊ परिणाम दिसतो तो वेगवेगळे उपाय एकत्र केले आणि बिळंच उकरून मोडली तेव्हा. म्हणजे इथेही निर्णायक ठरतो तो निवाराच.

गैरसमज : अमेरिकेत चालतं, तर महाराष्ट्रातही सशाचा हंगाम ठेवायला हरकत नाही. निदान स्वतःच्या शेतातला ससा तरी आपलाच.

वस्तुस्थिती : भारतात असा हंगाम नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात परवाना काढून काही प्राण्यांची शिकार करता येत असे. १९९१ च्या दुरुस्तीने ती वाट बंद झाली. आज रानससा दुसऱ्या अनुसूचीत संरक्षित आहे. फास, जाळी, कुत्री किंवा रात्रीची बॅटरी, कशानेही त्याला मारणं गुन्हा आहे. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. सातबारा आपल्या नावावर असला तरी ससा आपल्या मालकीचा होत नाही. उभ्या पिकाचं नुकसान होत असेल, तर वन विभागाकडे अर्ज करण्याची तरतूद कायद्यात आहे.

आणि आपला ससा कॉटनटेल नव्हे. कॉटनटेलप्रमाणे तोही बीळ खणत नाही, गवताच्या आडोशाला दबून बसतो. मात्र त्याची पिल्लं अंगावर केस आणि उघडे डोळे घेऊनच जन्मतात, आणि वेताला ती थोडीच असतात. अमेरिकेतली गणितं त्याला लावता येत नाहीत. कापणीच्या वेळी एकटं पिल्लू दिसलं, तर ते अनाथ समजून घरी आणू नये. आई अंधार पडल्यावर पाजायला येते. यंत्राच्या वाटेत असेल तर हलकेच जवळच्या बांधावर ठेवावं. पाळीव पांढरे ससेही दया म्हणून रानात सोडू नयेत. ते युरोपीय सशाचे वंशज आहेत, आपल्या रानाचे नाहीत.

शिकारीचा हंगाम उघडणाऱ्या राज्याकडे आधी चार गोष्टी असाव्या लागतात : सशांची नियमित मोजदाद, विणीची पक्की माहिती, रोज किती मारायचे याची मर्यादा, आणि ती पाळली जाते की नाही हे पाहणारी माणसं. अमेरिकेत त्यासाठी पैसाही शिकाऱ्यांकडूनच उभा राहतो. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरचा कर वन्यजीवांच्या कामाला लावला. ही घडी नसेल तिथे तारखेची चर्चा अवेळी आहे. जिथे ही घडी आहे तिथे तारीख विणीनंतरची धरावी, हंगाम हिवाळा संपण्याआधी मिटवावा. आणि शिकार असो वा बंदी, बांधावरची झुडपं राखावीत. हे काम करायला कोणाच्याही परवानगीची गरज नाही.